घोड्याचा एक्स-रे घोड्याबरोबर जावा

या पानावर आम्ही आजवर बैल, म्हैस आणि शेळी यांच्याविषयीच लिहीत आलो. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घोडा पाळणारी घरे मोजकीच. कापसाच्या काळ्या रानाला बैल लागतो. घोडा दिसतो तो लग्नसराईत, नवरदेवाखाली. पण ज्या घरी अशी घोडी आहे त्या घराची वर्षाची मिळकत तिच्या चार पायांवर उभी असते. ती लंगडली की घरात काय होते, हे मागच्या हिवाळ्यात आम्ही जवळून पाहिले, आणि त्यावरून जे वाटले ते आज लिहीत आहोत.

ही घोडी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत कर्ज काढून घेतलेली. तुळशीचे लग्न झाले, वराती सुरू झाल्या, आणि आठवड्याभरातच ती पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागली. गावाजवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी पाय टेकेना. मग टेम्पोत घालून तिला मोठ्या गावी नेले आणि तिथे एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो पाहून सांगितले की खुराच्या आतले हाड झिजले आहे, ही आता कामाची नाही. मालक एवढे एकच वाक्य घेऊन घरी परतला. चित्र तिथेच, डॉक्टरांच्या संगणकात राहिले. मुलाने पडद्याचा एक फोटो मोबाइलवर काढून आणला होता, तेवढाच.

दुसऱ्याच दिवशी दलाल दारात उभा. त्याने सांगितलेला भाव आम्ही इथे लिहीत नाही, ऐकूनही लाज वाटावी असा होता. आम्ही मालकाला म्हटले, "दादा, विकायच्या आधी आणखी एका डॉक्टरला दाखवा." तो म्हणाला, "दाखवीन हो, पण आपल्या डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेले तर? उद्या रात्री म्हैस अडली तर मी कोणाला हाक मारू?"

हे उत्तर ऐकून कोणी त्या माणसाला अडाणी म्हणेल, तर आम्हाला ते मान्य नाही. शहरात एका दवाखान्यातून उठून दुसऱ्यात जाता येते. इथे पंधरा-वीस गावांना मिळून एक डॉक्टर. त्यांचे मन दुखवणे म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा आधार दुखवणे. म्हणून दुसरे मत घ्यायचे ते चोरून, पहिल्याचे कागद न दाखवता, अशी आपल्याकडे चाल पडली आहे. या चोरटेपणातच सगळा घोटाळा होतो.

शेवटी आम्ही मालकाबरोबर पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. घोड्यांवर पूर्वी बरेच काम केलेले गृहस्थ. त्यांनी मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि परत दिला. पडद्यावर ट्यूबलाइटची झळाळी पडलेली, चित्र डाव्या पायाचे की उजव्या हे कळेना, तारीख नाही, बाजूने घेतलेले एकच चित्र, समोरून घेतलेले नाही. ते म्हणाले, "यावरून मी काही सांगितले तर ते ज्योतिष होईल. मूळ चित्रे आणा." परत जाणे आले. गंमत अशी की ज्यांच्या रागाची एवढी भीती होती त्या पहिल्या डॉक्टरांनी सगळी चित्रे सीडीवर लगेच दिली. तोपर्यंत कोणी मागितलीच नव्हती.

मूळ चित्रांत हाडाची झीज खरोखरच होती. पण दुसऱ्या डॉक्टरांनी चित्रांवर न थांबता नाल काढून खूर मोठ्या चिमट्याने जागोजाग दाबून पाहिला. एका जागी घोडीने पाय असा हिसडला की आम्ही मागे सरलो. नाल ठोकताना एक खिळा जिव्हाळीजवळ गेला होता आणि आत पू धरला होता. त्यांनी ती जागा कोरली, पू काढला, पाय शेकायला सांगितले आणि धनुर्वाताची लस दिली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून खुराच्या जखमेत ही लस कधीही टाळू नये. पंधरा दिवसांनी घोडी सरळ चालू लागली. झीज मात्र गेली नाही, जाणारही नाही. म्हणून डांबरी रस्त्यावर रात्रभर नाचवायचे नाही, एका दिवशी दोन वराती घ्यायच्या नाहीत, असे बजावले आहे. मिळकत कमी झाली, पण घोडी दावणीला आहे.

यावरून पहिला डॉक्टर चुकला आणि दुसरा हुशार, असा अर्थ कोणी काढू नये. पहिल्याने जे पाहिले ते होतेच. खुरातल्या त्या नावेच्या आकाराच्या लहान हाडात झीज दिसणारे कितीतरी घोडे मुळीच लंगडत नाहीत, आणि उलट, दोरासारख्या स्नायुबंधाला इजा होऊन लंगडणाऱ्या घोड्याचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. खुरातला पू पहिल्या दिवसांत एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. एक्स-रे हाड दाखवतो. दुखते कुठे हे तो सांगत नाही. म्हणूनच घोड्याचे जाणकार डॉक्टर पायाच्या नसेजवळ सुई देऊन एकेक भाग बधिर करतात आणि घोडा पुन्हा चालवून पाहतात. ज्या सुईनंतर लंगडणे थांबते तिथे दुखणे. मग त्या भागाचे चित्र काढायचे. रोंटगेनने हे किरण १८९५ साली शोधले आणि पुढच्याच वर्षी, १८९६ साली, घोड्याच्या पायाची चित्रे काढली गेली. एवढे जुने हे साधन आहे, तरी ते वाचणाऱ्याच्या नजरेवर आणि त्याला मिळालेल्या बाकीच्या माहितीवरच चालते.

आमचे म्हणणे सरळ आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचा अहवाल, दिलेल्या औषधांची चिठ्ठी, हे सगळे जनावराबरोबर गेले पाहिजे, आणि दुसरे मत पहिल्या डॉक्टरांना सांगून घेतले पाहिजे. मालकाने पैसे दिले आहेत, प्रत मागताना संकोच कसला? "साहेब, मोठ्या दवाखान्यात दाखवावे असे घरच्यांना वाटते, कागद द्याल का?" एवढे वाक्य पुरते. बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत. उलट पुष्कळांना सुटल्यासारखे वाटते, कारण वर्षात दोन-चार घोडेच हाताखालून जात असतील तर त्यांनाही खात्री हवी असते. जे रागावतात त्यांना आम्ही नम्रपणे एवढेच विचारू की स्वतःच्या घरचे माणूस आजारी पडले तर आपण एकाच डॉक्टरवर थांबता काय?

आपल्या सीमेवरच्या लोकांना कागदाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. इथले डॉक्टर तेलुगू बोलणारे. बेला, जैनथ, तामसीकडची आपली माणसे घरात मराठी बोलतात. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात गेले तर तिथे मराठी-हिंदी, हैदराबादेत राजेंद्रनगरला गेले तर पुन्हा तेलुगू. नागपूर इथून सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००. दोन भाषांतून आणि तीन तोंडांतून जाता जाता "थोडी झीज" याचे "हाड सडले" होऊन जाते. चित्राला आणि लिहिलेल्या अहवालाला दुभाष्या लागत नाही.

कागद मागताना काय पाहावे ते सांगतो. चित्रावर तारीख, घोड्याची ओळख आणि पाय डावा की उजवा हे हवे. खुराचे चित्र किमान बाजूने आणि समोरून, शक्यतो नाल काढून आणि तळवा स्वच्छ करून घेतलेले असावे, नाहीतर खाचांतल्या हवेच्या आणि मातीच्या सावल्या हाडातल्या भेगा भासतात. चांगल्या पायाचेही चित्र तुलनेला घेतलेले बरे. शिरेची सोनोग्राफी असेल तर दोन्ही पायांची, एकाच उंचीवरची मागावी. चित्रे सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मूळ स्वरूपात घ्यावी. पडद्याचा फोटो हा फोटोचा फोटो. मोबाइलचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. घोडा कडक, सपाट जमिनीवर सरळ दुडक्या चालीने चालवून समोरून, मागून आणि बाजूने चित्रफीत घ्यावी. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. ते जाणकाराला चित्रफितीतही दिसते.

आणि दुखणे मारणारे इंजेक्शन कधी, कोणते दिले, हे लपवू नये. त्या औषधाच्या जोरावर घोडा डॉक्टरांपुढे नीट चालतो आणि घरी येऊन पुन्हा लंगडतो. औषध दुकानातून आपल्या मनाने तर अजिबात आणू नये. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक २०२३ पासून, निमेसुलाइड २०२५ पासून. जनावर मेले तर त्याच्या मांसातून हे गिधाडांना मारते. आपल्या जुन्या जिल्ह्यात, आता कोमरम भीम आसिफाबादेत गेलेल्या पेंचिकलपेटकडच्या पालारापू कड्यावर २०१३ साली लांब चोचीची गिधाडे आढळली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? असो, विषय घोड्याचा आहे.

दुसरे मत म्हणजे कोणाचेही मत नव्हे. आमच्या या घोडीच्या पायाचा फोटो मोबाइलवरून फिरत फिरत कुठवर गेला होता म्हणून सांगावे! मालकाच्या मेहुण्याने डाग द्यायला सांगितले, एकाने खुराला तेल चोळायला, एकाने तर पाय नव्हे, खांदा गेला आहे असे ठणकावून सांगितले. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यानेच हे काम करायचे आहे. नालबंदाचे म्हणणे मात्र ऐकावे. खूर रोज हाताळणारा माणूस आहे, त्याला कळते पुष्कळ. पण तो डॉक्टरसमोर बोलला तर उत्तम. आमच्या घोडीचा खिळा नेमका कुठे गेला हे त्यानेच, जरा खाली मान घालून, दाखवले.

काही दुखण्यांत मात्र फिरायला वेळच नसतो. घोड्याला पोटशूळ उठला, तो लोळू लागला, पोटाकडे वळून पाहू लागला, तर घोड्याला उलटी होत नाही हे ध्यानात ठेवावे आणि जवळचा जो डॉक्टर मिळेल त्याला तत्काळ आणावे, नाहीतर १९६२ क्रमांकावर फोन करावा. मते नंतर. आणि नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी फुटून वाहणे असे दिसले तर घोडा या गावाहून त्या गावी नेऊच नये. तो ग्लँडर्स असू शकतो. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेतो. २००९ च्या कायद्याने तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे. नमुना सरकारी डॉक्टरांनीच घ्यायचा. त्याची तपासणी हरियाणातल्या हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. तिथून अहवाल येईपर्यंत घोडा वेगळा बांधावा, लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि यात्रेला तर नेऊच नये.

दुसरे मत पहिल्यासारखेच आले तर पैसे वाया गेले, असेही आपल्यात म्हणतात. गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरच्या म्हाताऱ्या घोड्याच्या खुरातले हाड फिरून तळव्यापर्यंत आले होते. दोन्ही डॉक्टरांनी तीच चित्रे पाहिली आणि एकच सांगितले, याचे हाल थांबवा. त्या घरातली आजी आम्हाला म्हणाली, "दोघांनी सांगितले म्हणून झोप तरी लागली."

घोडीच्या मालकाला पैनगंगेपलीकडच्या डॉक्टरांनी निघताना अर्धे पान लिहून दिले. काय सापडले, काय केले, पुढे काय पाहावे, असे सगळे पहिल्या डॉक्टरांच्या नावे. ते पान घेऊन मालक एकटा जायला तयार नव्हता, म्हणून आम्हीही गेलो. डॉक्टरसाहेबांनी ते दोनदा वाचले, चश्मा काढून पुसला, आपल्या वहीत डकवून ठेवले आणि विचारले, "नालबंद कोण होता?"