खडकांतली पुळण आणि घरचें पंचांग

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली आणि मुलांना चार दिवसांची सुट्टी मिळाली कीं, घराघरांतून कोंकणच्या सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वीं हे बेत म्हणजे कुळस्वामीचें दर्शन, नारळी-पोफळीच्या वाडींत मुक्काम आणि सायंकाळीं वाळूंत फेरफटका, एवढ्यावर आटोपत. आतां त्यांत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. थोरला नातू, त्याची बहीण, क्वचित् सूनबाईदेखील हळूच सांगतात कीं, ‘आम्हांला गर्दीच्या किनाऱ्यावर जावयाचें नाहीं, खडकांच्या आडची एखादी लहानशी पुळण पाहून तेथें पाण्यांत तोंड घालून मासे पाहावयाचे आहेत.’ या खेळास स्नॉर्केलिंग म्हणतात. वडील मंडळी यावर दोहोंपैकीं एक उत्तर देतात. एक तर ‘समुद्राशीं खेळ नको’ म्हणून विषय बंद करितात, नाहीं तर ‘तुमचें तुम्ही पाहा’ म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घालतात. प्रस्तुत लेखकाच्या मतें हीं दोन्ही उत्तरें सारखींच निरुपयोगी आहेत. पहिल्यानें मुलें न सांगतां जातात, दुसऱ्यानें न शिकतां जातात.

प्रथम हा खेळ आहे तरी काय, तें पाहूं. डोळे व नाक झांकणारा कांचेचा मुखवटा आणि तोंडांत धरावयाची दीड वितीची वांकडी नळी, एवढीच याची सामुग्री. पाण्यावर पालथें तरंगत राहावयाचें, नळीचें टोंक हवेंत ठेवावयाचें आणि तळाकडे पाहावयाचें. मुखवट्यावांचून पाण्यांत सर्व धूसर दिसतें, कारण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची किरण वळविण्याची शक्ति हवेच्या संगतींतच चालते; पाणी लागतांच ती बहुतेक नाहींशी होते. कांचेमागें हवेचा थर राहिला कीं दृष्टि परत येते. मात्र वस्तु पाऊणपट अंतरावर आहेशी भासते व तीन बोटांचा मासा चार बोटांचा दिसतो. परत आल्यावर मुलें माशांचीं जीं मापें सांगतील, तीं ऐकतांना हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

चौकस मुलगा विचारील कीं, नळी चांगली चार हात लांब कां नसावी? म्हणजे तळाशीं बसूनच श्वास घेतां येईल. तसें होत नाहीं. एक मीटर खोल गेलें कीं छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १०० ग्रॅम अधिक भार पडतो. तो पेलून छाती फुगविणें फार वेळ शक्य नसतें. शिवाय लांब नळींत आपलाच उच्छ्वास सांचून पुनःपुन्हां आंत येतो. दुर्योधन द्वैपायन ह्रदांत लपला, तो मायेनें पाणी स्तंभित करून. नळीच्या भरंवशावर नव्हे.

आतां पाहण्यासारखें आहे काय? मालवणच्या समुद्रांत कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाचा पाया घातला. या किल्ल्याभोंवतीं पाण्याखालीं खडकांचें जाळें आहे. वाट माहीत नसलेल्या जहाजास जवळ येणें त्यामुळें कठीण होई. ज्या खडकांनीं शत्रूस दूर ठेविलें, त्याच खडकांवर प्रवाळांनीं घरें केलीं आहेत. या भागांतील २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

प्रवाळ म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें मंगळाच्या अंगठींतलें तांबडें पोवळें येतें. तें मुख्यत्वें भूमध्यसमुद्रांतील एका जातीचें असतें. मालवणच्या पाण्यांत तें शोधूं जाणाऱ्याची निराशा होईल. येथले प्रवाळ तपकिरी, हिरवट, करड्या रंगाचे. कांहीं गोल धोंड्यासारखे, कांहीं पानासारखे पसरट. परंतु हा धोंडा नव्हे. त्याच्या पृष्ठावर हजारों चिमुकले प्राणी शेजारीं शेजारीं नांदत असतात. प्रत्येकाच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें, तें सूर्यप्रकाशांत अन्न करितें व घरधन्यास त्याचा वांटा देतें. एकत्र कुटुंबाचें याहून चांगलें उदाहरण शोधूनही सांपडावयाचें नाहीं. पाणी नेहमीपेक्षां एक-दोन अंशांनीं तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, म्हणजे हें शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरा पडतो. तो ताप टिकला तर उपासानें मरतो. १९९८, २०१० व २०१६ या सालीं लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असा प्रसंग आला. गोल जातीचा प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतो. घागरीएवढा गोळा आपल्या नातवाहून वयानें वडील असूं शकेल. त्यावर दमून क्षणभर उभें राहिलें, तरी कित्येक वर्षांची वाढ पायाखालीं चिरडते. तो तोडणें हा तर गुन्हाच आहे. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत प्रवाळांचा समावेश २००१ सालीं झाला. सोंवळ्याची कल्पना आपल्या घरांत नवी नाहीं. येथें मात्र सोंवळ्यांत ते आहेत. शिवावयाचें नाहीं तें आपण.

मग मुलांना निर्जन पुळणच कां हवी? त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. लांबलचक वाळूच्या किनाऱ्यावर लाट वाळू ढवळते व पाणी गढूळ करिते. निवतीच्या किल्ल्याच्या परिसरांत किंवा मालवणच्या उत्तर-दक्षिणेस खडकांच्या आडोशाला ज्या लहान लहान पुळणी आहेत, तेथें पाणी त्यामानानें स्वच्छ असतें आणि जीवसृष्टीस चिकटून राहावयास खडक मिळतो. परंतु जो खडक लाट अडवितो, तोच माणसाची वाटही अडवितो. ओहोटीस खडकांवरून चालत आलेली मंडळी भरतीस तीच पायवाट बुडालेली पाहतात. खडकांवरून आंत पडलेलें पाणी एखाद्या अरुंद घळींतून परत बाहेर धांवतें. त्या ओढींत सांपडलेल्यास पोहणें येत असूनही किनारा गांठतां येत नाहीं. आणि निर्जन याचा दुसरा अर्थ हांकेच्या अंतरावर कोणी नाहीं, असाच होतो.

येथें घरचें पंचांग उपयोगी पडतें. एकादशी आणि मुहूर्त पाहण्यापुरतें आपण तें भिंतीवर टांगून ठेविलें आहे. पण किनाऱ्यावरचे गाबीत व कोळी तिथीवरूनच समुद्र वाचतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्यचंद्रांचें आकर्षण एका रेषेंत पडतें व उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास तें काटकोनांत पडतें व भांगाची, म्हणजे मंद, भरती येते. वेळेचा ढोबळ नियम असा: शुद्ध किंवा वद्य तिथीचा अंक घ्यावा व त्याची पाऊणपट करावी, बारानंतर तितक्या तासांनीं पूर्ण भरती. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, एकादशीस सव्वाआठ. दिवसाही आणि रात्रींही. त्यापूर्वीं व त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हें गणित मुंबईकडील किनाऱ्याचें आहे. दक्षिण कोंकणांत भरती कांहींशी आधीं येते. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक कोष्टकांत मिळते. परंतु ज्या मुलास पाऊणकी येते, त्यास कोष्टक हातीं नसलें तरी पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे, हें ठाऊक असलें पाहिजे.

आपल्या जुन्या आचारांत समुद्रस्नान पर्वकाळींच विहित, एरवीं समुद्रास स्पर्श नको, असा निर्बंध होता. पर्वें बहुधा अमावास्या-पौर्णिमेस येतात, म्हणजे नेमकीं उधाणाच्या दिवशीं. कांठावर बुडी मारून अर्घ्य देणाऱ्या समुदायास तें ठीक होतें. खडकांत शिरून तासभर तरंगणाऱ्यास मात्र उलट तिथि हवी. भांगाच्या दिवसांत ओढ कमी आणि पाणी अधिक निवळ असतें. पर्वणीस पुण्य आणि अष्टमीस मासे, अशी वांटणी समजावी.

येथवर वाचून कोणी म्हणेल, अष्टमी साधली कीं झालें. तसें म्हणतां येत नाहीं, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें कारण. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या समुद्रांत पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. पंचांग काढून पाहिलें तर त्या दिवशीं पौष वद्य अष्टमी होती. उधाण नव्हतें, वादळ नव्हतें, ऋतु हिंवाळ्याचा होता. वरील नियमानें त्या दुपारीं पाणी चढत होतें. आणि भरतीचें पाणी सहा तास सारख्या गतीनें चढत नाहीं, मधल्या दोन तासांतच तें जवळजवळ निम्मी उंची गांठतें. चौदा घरांत त्या दिवशीं जें घडलें, तें आठवलें म्हणजे नियमाची मर्यादा कळते. तिथि पाण्याची वेळ सांगते. अभय देत नाहीं.

म्हणून तिथीच्या जोडीला चार गोष्टी घरांतच ठरवून घ्याव्या. पहिली, ज्यास तलावांत किंवा विहिरींत निदान अर्धा तास पोहतां येत नाहीं, त्यानें खडकांच्या पुळणीस जाऊं नये. येत असलें तरी तरंगण्याचें जाकीट घालावें. मुलगा-मुलगी असा भेद येथें करूं नये. मुलीस पोहावयास न शिकवितां ‘तुला नको’ म्हणणें ही काळजी नव्हे, आळस आहे. दुसरी, स्थानिक होडीवाला बरोबर असल्याशिवाय व त्याचा होकार मिळाल्याशिवाय पाण्यांत पाऊल टाकूं नये. तो ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालूं नये. त्याचें शास्त्र त्याच्या आज्यापासून चालत आलें आहे. पावसाळ्यांत तर विचारूंही नये. तिसरी, पाण्यानें बाहेर ओढलें तर त्याशीं झुंजूं नये. अंग तरंगतें ठेवावें, हात वर करून मदत मागावी व ओढ सुटेल तशी बाजूनें वाट काढावी.

चौथी गोष्ट आपल्यासारख्या घरांना विशेष लागू आहे. प्राणायामाचा अभ्यास असलेले तरुण बुडी मारण्यापूर्वीं भस्त्रिकेसारखे जलद श्वास घेतात व अधिक वेळ दम टिकला म्हणून हर्ष मानतात. यांत मोठा धोका आहे. श्वास घेण्याची तळमळ प्राणवायु कमी झाल्यानें नव्हे, तर कर्बद्विप्राणिल वायु सांचल्यानें मुख्यत्वें उत्पन्न होते. जलद श्वासांनीं तो वायु आधींच बाहेर टाकला, म्हणजे तळमळ उशिरां होते. तेवढ्यांत प्राणवायु संपून माणूस कसलीही सूचना न मिळतां पाण्यांतच बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारेही असे दगावले आहेत. पाण्यांत श्वास नेहमीचाच असावा, आणि एकट्यानें बुडी कधींही मारूं नये.

असो. समुद्रयानाचा निषेध कलिवर्ज्यांत होता, तरी आपलीं मुलें समुद्र ओलांडून शिकून आलीं. तेव्हां त्यांना वितीभर पाण्याखालचें जग पाहूं नका म्हणून सांगण्यांत अर्थ नाहीं. सहलीचा दिवस ठरण्यापूर्वीं आजोबांनीं पंचांग काढावें, नातवंडांस जवळ बसवून तिथीची पाऊणपट त्यांच्याकडून करवून घ्यावी आणि भरती केव्हां, ओहोटी केव्हां, परतीची वाट किती वाजतां बुडेल, हें कागदावर लिहून घ्यावें. ज्या मुलांना हा कागद नीट भरतां येईल, त्यांना खुशाल जाऊं द्यावें. ज्यांना येणार नाहीं, त्यांनीं तो भरावयास शिकेपर्यंत थांबावें. समुद्र कोठें जात नाहीं.