पंचनामा, पंचांग आणि ओली भिंत

पूर उतरायला लागला की कृष्णाकाठची मुरलेली माणसं पाणी पूर्ण ओसरायची वाट पाहत नाहीत. घराची वीज तोडलेली आहे ना, याची खात्री करून घेतात, पाणी गुडघ्याखाली आलं की आत शिरतात आणि खराट्याने तळाचा गाळ ढवळायला लागतात. ढवळलेला गाळ उतरत्या पाण्याबरोबर उंबऱ्याबाहेर जातो. ज्या पाण्याने घर बुडवलं, त्याच्याकडूनच ते धुऊन घ्यायचं! ही वेळ हुकली, की दोन उन्हांत तोच रेंदा फरशीला धरून बसतो आणि मग फावडं, घमेलं, टँकर आणि कंबरदुखी.

घर सावरण्याचं पहिलं काम असं घाईचं असतं. त्यानंतरची बहुतेक कामं मात्र सबुरीची. घोटाळा होतो तो इथेच: गाळ काढताना लोक थांबतात आणि रंग काढताना घाई करतात.

थांबतात ते पंचनाम्यासाठी. ‘तलाठी बघून जाऊ देत, मग हात लावू’ हे वाक्य प्रत्येक पूरग्रस्त गल्लीत ऐकू येतं, आणि त्यात लोकांची चूक म्हणावी तर सरकारी कागदाचा अनुभवच तसा आहे. ऑगस्ट 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. नेमक्या त्याच दिवसांत मोफत धान्याचा शासन आदेश निघाला. दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ, पण घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असेल तर. त्यावरून गदारोळ झाला तो रास्तच होता. पाणी किती तास होतं याचा हिशेब मागणारी व्यवस्था पाहिल्यावर चिखल हाच पुरावा म्हणून जपावा असं माणसाला वाटणारच. खरं तर पाण्याची रेघ भिंतीवर खडूने ओढावी, शेजारी मोजपट्टी धरावी, प्रत्येक खोलीचे आणि वस्तूचे फोटो घ्यावेत आणि झाडायला लागावं. एवढा पुरावा चालेल, असं पावसाळ्याआधीच लेखी जाहीर करायला कुणाची हरकत असावी?

मग येतं पंचांग. 2019चा पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला आणि गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला. चिपळूण बुडालं 22 जुलै 2021ला. गणपती आले 10 सप्टेंबरला. कुठे तीन-चार आठवडे, कुठे सात. एवढ्यात घर ‘पहिल्यासारखं’ करायचं म्हणून पुट्टी आणि वर ऑइलपेंट चढतो. भिंत चार दिवस चकचकते. दिवाळीपर्यंत फोड येतात, पापुद्रे सुटतात, लोणा फुलतो. रंगारी रंगाला नावं ठेवतो, दुकानदार रंगाऱ्याला.

दोष दोघांचाही नसतो. वीट पाणी पिते, आणि ते पुराच्या रेघेपाशी थांबत नाही, वर चढतं. सुकायला मात्र तिला अमाप वेळ लागतो. जाडीच्या इंचामागे महिना, असा बांधकामातला एक जुना ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा. दोन्ही बाजूंनी वारा लागला तर काम लवकर होतं, म्हणून पोकळ वाजणारं, सुटलेलं प्लास्टर खरवडून वीट उघडी करावी, कपाटं भिंतीपासून ओढावीत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. परीक्षा घरगुती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघायचा. आत दव धरलं असेल तर रंगाऱ्याला अजून बोलावू नये. फारच निकड असेल तर चुन्याची सफेदी बरी; तिच्यातून ओल बाहेर पडू शकते.

पांढऱ्या मातीच्या घरांची गोष्ट वेगळी आणि जास्त भीतीची. पाण्यात उभी राहिलेली भिंत पाणी गेल्यावर, ऊन पडल्यावर बसते. जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय त्या छपराखाली झोपू नये.

आगीत सापडलेल्या घराला हीच सबुरी लागते. काजळी दिसली की ओलं फडकं घेऊन धावायची सवय असते. त्याने काजळी पुसली जात नाही, तेलकट होऊन भिंतीत मुरते. आधी कोरडी झाडावी, मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून. शिवाय अग्निशमन दलाने मारलेलं पाणीही भिंतीतच असतं, त्यामुळे जळलेलं घर बहुतेकदा भिजलेलंही असतं.

आणि गणपती? तो उघड्या विटांसमोरही बसतो. मखरामागे पडदा सोडला की काही दिसत नाही. फक्त पडदा भिंतीला चिकटवू नये, वीतभर पुढे ओढावा, म्हणजे मागून वारा खेळता राहतो.