मशीन म्हणालं, म्हणून?

तुळशीच्या तेलात काय काय असतं? बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय कुणी ना कुणी घेतंच. पानं आणायची, क्लेव्हेंजर उपकरणात पाण्याबरोबर दोन-तीन तास उकळायची, जमलेलं चमचाभरही नसलेलं तेल जपून बाटलीत भरायचं आणि जीसी-एमएसला पाठवायचं. मग मेलवर रिपोर्ट येतो: चाळीस नावं, प्रत्येकापुढे टक्के. यादी प्रोजेक्टमध्ये पेस्ट केली की झालं!

दोस्तांनो, खरं काम तिथून सुरू होतं.

जीसीच्या केसासारख्या बारीक नळीतून तेलाचे घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि आलेखावर एकेक 'पीक' उमटतं (शेतातलं नव्हे, सुळक्यासारखं). एमएस त्या रेणूचे तुकडे करतं. सॉफ्टवेअर तुकड्यांचा नमुना लायब्ररीतल्या नोंदींशी ताडून सर्वांत जवळचं नाव पुढे करतं. जवळचं म्हणजे बरोबरच, असं थोडंच आहे? ओव्याला वास देणारा थायमॉल आणि ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल घ्या. दोघांचं सूत्र एकच, रेणुभार १५०, तुकडेही जवळपास सारखेच. फरक कळतो तो नळीतून कोण कधी बाहेर पडलं यावरून. म्हणून अल्केनचं मिश्रण त्याच नळीतून, त्याच तापमानक्रमाने सोडून प्रत्येक घटकाचा रिटेन्शन इंडेक्स काढायचा आणि प्रसिद्ध आकड्यांशी ताडायचा. कोव्हाट्स यांनी ही कल्पना १९५८ मध्ये मांडली, म्हणजे नवीन काहीच नाही. तरी कितीतरी रिपोर्टांत हा रकानाच नसतो. मग काय होतं? प्लास्टिकच्या डबीतून आलेलं थॅलेट आणि खुद्द नळीतून झिरपलेलं सिलोक्सेनसुद्धा 'वनस्पतीतले औषधी घटक' म्हणून यादीत मिरवतात!

'एवढं कोण बघतंय?' म्हणणारे सीनियर तुम्हाला भेटतीलच. पण सगळ्या तुळशींचं तेल सारखं नसतं. एखादीत युजेनॉल जास्त, एखादीत मिथाइल युजेनॉल. युजेनॉल म्हणजे लवंगेतलं, दाताच्या दवाखान्यात ज्याचा वास येतो ते. मिथाइल युजेनॉल मात्र सुटा घटक म्हणून खाद्यपदार्थांत घालायला युरोपीय संघात मनाई आहे. तेव्हा कुठलं नाव किती टक्क्यांपुढे लिहिलंय, हा फक्त मार्कांचा प्रश्न राहत नाही. तुमचा आकडा उद्या कुणी उचलून तेलाच्या बाटलीवर छापू शकतो.

माझं मत विचाराल तर चाळीस नावांपेक्षा आठ पक्की बरी. बाकीच्यांपुढे सरळ 'अनोळखी' लिहा, त्यात कसली लाज? गाइडनीही 'किती घटक सापडले?' याआधी 'कशावरून ओळखले?' हे विचारायला हवं. आणि नमुना पाठवतानाच लॅबला सांगा, अल्केनचा रनही हवाय. महिन्याभराने आठवण झाली, तर तोवर त्यांनी कॉलम बदललेला असतो.