तुटलेली स्केग : भाव पाडून घ्या, पण लेग भंगारात टाकू नका

सावर्डे म्हटले की कात, मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वेचे स्टेशन आठवते. बोटीच्या कामाशी या गावाचा काय संबंध, असे कोणी विचारील. बोट खाडीत चालते हे खरे, पण तिचा भाग मोडला की तो टेम्पोत टाकून रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडेच आणावा लागतो. वाशिष्ठीची खाडी जवळच आहे. मासेमारी, वाहतूक, आणि आता मगरी पाहायला येणारे पर्यटक, या सर्वांसाठी तेथे यांत्रिक बोटी लागतात. खाडीपट्ट्यातील आपले अनेक बांधव वापरलेली बोट घेऊनच धंद्याला सुरुवात करतात.

अशा बोटींत कधी कधी स्टर्नड्राइव्ह प्रकारची बोट हाती येते. इंजिन बोटीच्या आत, आणि पंखा फिरवणारा लेग मागच्या फळीबाहेर. व्होल्वो पेंटा कंपनीने 1959 साली ही रचना बाजारात आणली. लेगच्या तळाशी, पंख्याच्या खाली जो पातळ पाता असतो तो स्केग. ओहोटीत वाळूच्या दांड्यावर किंवा खडपावर बोट घासली की पहिला मार त्यालाच बसतो. तो पंख्याला वाचवतो आणि बोट सरळ ठेवायलाही मदत करतो.

स्केग तुटलेली दिसली की विक्रेता म्हणतो, "त्याने काही होत नाही." कारखान्याचा माणूस म्हणतो, "लेगचा खालचा भाग नवा टाका." माझ्या मते दोघांचेही ऐकू नये. टोकाचा लहानसा तुकडा गेला असेल तर कानस मारून, रंग लावून बोट चालते. बराच भाग गेला असेल तर वळताना बोट ओढते आणि पंखा उघडा पडतो. तेव्हा दुरुस्ती हवीच. पण त्यासाठी अख्खा गिअरचा भाग बदलणे म्हणजे नखासाठी बोट कापणे.

खरेदीपूर्वी मात्र आत काय झाले ते पाहावे. ज्या धक्क्याने स्केग तुटली, त्याने पंख्याचा शाफ्टही वाकलेला असू शकतो. इंजिनची चावी काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून पंखा हाताने फिरवा आणि शाफ्टजवळ पेन्सिल स्थिर धरा. शाफ्ट पेन्सिलीपासून जवळ-दूर होत असेल तर तो वाकलेला आहे. खालचा स्क्रू सोडून थोडे तेल काढा. ते दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरले आहे. मग ती बोट स्वस्त राहिली नाही.

आता कारागीर बंधूंसाठी. हे काम चासीच्या वेल्डिंगसारखे नाही. लेग ओतीव अल्युमिनियमचा असतो. हा धातू सुमारे 660 अंशांवर वितळतो, पण त्यावरची ऑक्साइडची साय 2000 अंशांच्याही वर. लोखंडाच्या रॉडने येथे काही साधत नाही. आर्गन वायूवरचे टिग यंत्र, तेही एसी करंटचे, लागते. ओतीव धातूत खारे पाणी आणि तेल मुरलेले असते. ते असिटोनने पुसून, स्टीलच्या स्वतंत्र ब्रशने घासून काढल्याशिवाय जोड सच्छिद्र होतो. तेल काढून टाकावे, पंखा उतरवावा, शाफ्टच्या रबरी सीलला आच लागू नये म्हणून थांबत थांबत वेल्डिंग करावे. सील जळले तर दुरुस्तीनेच लेग बिघडला असे होईल. लेग बोटीवरून उतरवूनच काम घ्यावे हे बरे.

तुकड्यासाठी 5083 सारखी समुद्री कामाची अल्युमिनियम पट्टी घ्यावी, भांड्याचा पत्रा नव्हे. आकार अंदाजाने कापू नये. त्याच मॉडेलच्या धडक्या लेगवरून पुठ्ठ्यावर उतरवावा. काही स्केग मुद्दामच एका अंगाला किंचित वळवलेल्या असतात, तेही पाहावे.

आपल्याकडे "मजबूत करून दे" ही मागणी फार. येथे ती चुकीची आहे. स्केग मोडण्यासाठीच असते. ती जाड, अभंग करून दिली तर पुढच्या खडपावर ती शाबूत राहील आणि गिअरची पेटी फुटेल. बोल्टने बसणारी स्टेनलेस स्टीलची टोपी मिळते, पण खाऱ्या पाण्यात अल्युमिनियमला स्टील चिकटवले की अल्युमिनियम झिजते. नडीला ठीक, कायमची नको.

शेवटी इपॉक्सी प्रायमर आणि रंग. तांबेयुक्त रंग अल्युमिनियमवर लावू नये. झिंक किंवा अल्युमिनियमचे अॅनोड मात्र उघडेच ठेवावेत. त्यांच्यावर रंग चढला की त्यांचा उपयोग संपला. खाडीच्या मचूळ पाण्यात अल्युमिनियमचे अॅनोड अधिक बरे.

अशी बोट पुढे विकताना जोड रंगाखाली लपवू नये. ऐब सांगून विकलेल्या मालाला दोन पैसे कमी येतील, पण गिऱ्हाईक परत येईल.

टिग यंत्र महाग पडते, आणि फक्त बोटींवर ते चालणार नाही. पण त्याच यंत्रावर ट्रकच्या इंटरकूलरची आणि मोटारींच्या अल्युमिनियम भागांची कामेही होतात, आणि ती महामार्गावर रोज येतात. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि लेग उतरवायला कोणी घाई करत नाही. यंत्र घ्यायचे असेल त्याने ते मे महिन्यापूर्वी घ्यावे आणि गिऱ्हाइकाच्या लेगला हात लावण्याआधी भंगारातल्या दोन-चार अल्युमिनियम तुकड्यांवर हात बसवावा.