गोष्टीतला राजा, कायद्यातला राजा

बडोद्याच्या फतेगंजात विद्यापीठाच्या पाटीवर सयाजीरावांचं नाव दिसलं, की कवळाण्याच्या गोपाळची गोष्ट हमखास निघते: शेतकऱ्याचं पोर १८७५ साली दत्तक गेलं आणि बडोद्याचा राजा झालं. गोष्ट खरी आहे, परीकथेसारखी गोडही आहे. पण राजाचं मोठेपण तिच्यात नाही. ते १९०६ च्या कायद्यात आहे: मुलाला, आणि मुलीलाही, शाळेत धाडलं नाही तर पालकाला दंड! श्रेय दिवाण टी. माधवरावांचं, असं कुणी म्हणेल. पण ते १८८२ मध्येच बडोदं सोडून गेले. संस्थानातल्या अमरेलीतला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग त्यानंतरचा, १८९३ चा. गरिबाला दंड जाचक नव्हता का? होताच. पण सक्तीवाचून मुली शाळेत आल्या नसत्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं असंच विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ साली फेटाळलं गेलं. तेव्हा मंडळी, मुलांना गोपाळची गोष्ट सांगाल तेव्हा तो दंडही सांगा.