किती ग्रेन, भाऊ?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्या फोनवर येऊन पडतो. "भाऊ, पारंपरिक धनुष्य घेतलंय, 35 पाउंडाचं. टोक किती ग्रेनचं लावू?" प्रश्न पडल्यापासून दोन मिनिटांत सात उत्तरं येतात. "200." "250, डोळे झाकून." "जितकं जड तितकं भारी." काडी बांबूची आहे की कार्बनची, लांबी किती, ओढ कुठपर्यंत येते, मारायचंय कशावर, यातलं एक अक्षर कुणी विचारत नाही. विचारणाराही सांगत नाही. त्याला आकडा हवा असतो आणि देणाऱ्याला तो देण्यातलं सुख.

मी सरळच सांगतो. जड टोकाचं हे वेड अडाणीपणाचं आहे, उसनं आहे, आणि त्याने लोकांचे हात फुटतात. माझा फुटलाय, म्हणून बोलतोय.

थोडं माझ्याबद्दल. अकरावी-बारावी लातूरला काढली. नंतर नांदेडला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी कॉलेजातून इंजिनिअरिंग. आता पुण्यातल्या कंपनीचं काम करतो, त्यातले निम्मे दिवस नांदेडच्या घरून. लातूर पॅटर्नला शिव्या घालायची फॅशन आहे, मला ती घालायची नाही. त्या पॅटर्नने माझ्या घरातला पहिला इंजिनिअर तयार केला. पण एक खोड लागली ती लागलीच. आमच्या पिढीला प्रश्न दिसला की त्याच्याखाली आपोआप चार गोल दिसायला लागतात. त्यातला एक काळा करायचा आणि पुढे जायचं. बाणाच्या टोकाचं वजन हा चार गोलांचा प्रश्न नाही.

का नाही, ते बघा. ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. बाजारात सर्रास मिळणारं 100 ग्रेनचं टोक साधारण साडेसहा ग्रॅम भरतं. समजा टोकासकट तुमचा बाण 400 ग्रेनचा आहे, म्हणजे 26 ग्रॅम, आणि तो सेकंदाला 44 मीटरने सुटतो. आता तेच टोक काढून 250 ग्रेनचं लावलं. बाण झाला 550 ग्रेनचा. धनुष्य तेच, तुमचे दंड तेच, त्यामुळे बाणाला मिळणारी ऊर्जाही जवळपास तेवढीच. (जड बाण धनुष्यातून थोडी जास्त ऊर्जा काढून घेतो हे खरं, पण ढोबळ हिशोबात ते सोडून देऊ.) वेग येतो साडेसदतीस मीटरवर. 20 मीटरवरच्या निशाणापर्यंत जाताना पहिला बाण सुमारे 1 मीटर खाली येतो, दुसरा 1 मीटर 40 सेंटिमीटर. म्हणजे छातीवर नेम धरला तर पोटाखाली. मोबदल्यात मिळतं काय? संवेग 17 टक्के जास्त. हा 17 टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात. 40 सेंटिमीटरचा कुणी सांगत नाही.

आणि ही तर सोपी बाजू झाली. खरी मेख काडीत आहे. दोरी सुटते तेव्हा बाण काठीसारखा ताठ पुढे जात नाही. मागून दोरी ढकलते, पुढचं टोक जडपणामुळे हलायला तयार नसतं, आणि मधली काडी वाकते. वाकून, उलटी वाकून, माशासारखी वळवळत ती धनुष्याच्या दांड्याला वळसा घालते आणि मग सरळ होते. 1930 च्या दशकात क्लॅरन्स हिकमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपून दाखवलं. काडी किती वाकावी याचं एक माप असतं. कमी वाकली तरी बाण एका बाजूला जातो, जास्त वाकली तर दुसऱ्या. टोक जड केलं की तीच काडी जास्त वाकते. म्हणजे तुम्ही टोक बदललं नाही, काडी बदलली. फक्त तुम्हाला ते माहीत नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात एका फाइलमध्ये एक ओळ बदलली आणि तिसरीकडचा पगाराचा हिशोब कोसळला.

मी नेमकं हेच केलं. एका विक्रेत्याचा व्हिडिओ बघितला, बांबूच्या काड्यांवर 250 ची टोकं चढवली. बाण उजवीकडे जायला लागले. मी माझ्या सुटीला दोष दिला, बोटांना दिला, वाऱ्याला दिला. स्प्रेडशीट काढून त्यात नोंदी केल्या. टोकावर संशय आला नाही, कारण टोक "प्रो" लोकांनी सांगितलेलं होतं. मग एका संध्याकाळी सुटता सुटताच काडी तडकली आणि तिची चिरफळी डाव्या अंगठ्याखालच्या मांसात शिरली. टाके चार. पंधरा दिवस एका हाताने कोड लिहिलं. आई अजूनही त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या धनुष्याकडे बघून काहीतरी पुटपुटते.

आता हे वेड आलं कुठून? एड ॲशबी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात मोठ्या जनावरांवर बाण कसे काम करतात याचा अभ्यास केला. जाड कातडी, जाड बरगड्या. तिथे बाण आरपार जायचा तर तो जड हवा, पुढून जड हवा, असं त्याच्या नोंदींतून दिसलं. प्रामाणिक काम आहे. पण त्याचं नाव घेणाऱ्यांनी त्याने लावलेला क्रम तरी वाचावा. त्यात पहिलं काय, तर बाण मोडता कामा नये. दुसरं, तो सरळ उडाला पाहिजे. पुढचा जडपणा त्यानंतर, आणि बाणाचं एकूण वजन त्याच्याही खाली. आपल्याकडच्या भक्तांनी पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारली. बरं, त्याच्यासमोर रानरेडा होता. आपल्यासमोर काय आहे? कडब्याची पेंढी. पोत्यात कोंबलेल्या जुन्या साड्या. पेंढीला बरगड्या नसतात हो.

"पण हे हंटिंग बो आहे" असं ऐकवलं जातं. असेल. खोक्यावर तसं छापलंही असेल. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या काय आहे ती एकदा वाचा. मारणं तर आलंच, पकडणं, हाकणं, आमिष लावणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. रानडुकरांनी शेताची नासाडी केली म्हणून आपलं आपण धनुष्य उचलायची मुभा कुणाला नाही. त्यामुळे ज्या कामासाठी 250 ग्रेन लागतात ते काम तुम्ही करणार नाही आहात, आणि करणार असाल तर मला टोकाचं वजन विचारू नका, वकिलाचा नंबर विचारा.

या बाबतीत दुसराही एक कंपू आहे, त्यांचाही समाचार घेतो. "आपल्या पूर्वजांना सगळं अंदाजाने कळायचं, आकडे ही गोऱ्यांची थेरं." ऐकायला गोड. पण हा पूर्वजांचा अपमान आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात बाणांच्या टोकांची वाटणी केलीय ती कामावरून: कापणारं, भेदणारं, ठोकणारं. आणि ती कशाची, तर लोखंड, हाड, लाकूड. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याला पहिला प्रश्न "करायचंय काय" हा होता. तुर्की धनुर्धर लांब पल्ल्याच्या शर्यतीला हलके, चिमुकल्या टोकाचे बाण वापरायचे. इंग्रजांचे लढाईचे बाण जाडजूड असायचे. दोघंही मूर्ख नव्हते, दोघांची कामं वेगळी होती.

अंदाज आणि मोजमाप यांच्यात भांडण लावणाऱ्यांनी एकदा किनवटकडे जाऊन यावं. माझा एक वर्गमित्र तिकडे आश्रमशाळेवर शिकवतो. त्याच्याबरोबर एका कोलाम पोडावर गेलो होतो. एका घरात वळचणीला वडिलांच्या वेळचा तीरकामठा खोचलेला. आजोबांनी दोन बाण काढून दाखवले. एकाला लोखंडी पातं, दुसऱ्याला लाकडाचं बोथट गाठोडं, पाखरांसाठी. बोथट का, तर टोकदार बाण फांदीत रुतून बसतो आणि मग तो काढायला झाडावर कोण चढणार. मी माझा डिजिटल काटा बाहेर काढला आणि विचारलं, "आजोबा, टोकाचं वजन किती ठेवायचे?"

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. म्हणाले, "लोखंड लोहार देईल तेवढं. काडी आपण पाहायची."

मला हे समजायला परतीच्या प्रवासात भोकरपर्यंतचा वेळ लागला. आम्ही काडी विकत घेतो, तीही डझनाने, आणि मग टोक शोधत बसतो. त्यांच्याकडे टोक ठरलेलं. लोखंड महाग, लोहाराकडून आणायचं, हरवलं तर शोधत हिंडायचं. म्हणून ते हातात टोक घेऊन काडी निवडायचे. वाकवून बघायची, जाड वाटली तर तासायची, फारच लवली तर टाकून द्यायची. म्हणजे ज्याला आपण "अंदाज" म्हणतो त्यात काडीच्या ताठपणाचा सगळा हिशोब होता, फक्त ज्याची किंमत कमी ती वस्तू बदलायची अशी व्यवहारी अक्कल त्याला जोडलेली होती. माझ्या स्प्रेडशीटमध्ये तो रकानाच नव्हता.

मी फोटो मागितला. आजोबांनी बाण आत नेऊन ठेवले. "फोटो नको. उद्या कुणी म्हणंल, म्हातारा शिकार करतो."

मी गप्प बसलो. माझं धनुष्य कुरिअरने येतं, खोक्यावर इंग्रजीत "हंटिंग" लिहून येतं, मी त्याचा रील टाकतो आणि लोक बदाम पाठवतात. त्यांच्या घरातलं तेच अवजार वळचणीत लपून राहतं. ज्यांच्याकडून शिकायला हवं ते तोंड उघडायला घाबरतात, आणि ज्यांनी आयुष्यात एक काडी तासलेली नाही ते मोबाइलवर 250 ग्रेनचं प्रवचन झोडतात. जड टोकाच्या वेडापेक्षा माझा खरा राग यावर आहे.

नांदेडमध्ये राहून बाणाच्या टोकावर लिहायचं आणि हुजूर साहिबचा उल्लेख टाळायचा हे शक्य नाही. गुरू गोविंदसिंगजींच्या शस्त्रांमध्ये तिथे बाणही जपलेले आहेत. 1708 साली याच गोदाकाठी त्यांनी बंदासिंग बहादुराला पंजाबकडे धाडताना आपल्या भात्यातले पाच बाण दिले, असं परंपरा सांगते. बंदाघाटचा गुरुद्वारा त्या भेटीची आठवण आहे. (भाता हा आपला शब्दही मजेशीर. लोहाराचा वारा घालायचाही भाता, बाण ठेवायचाही भाता.) गुरूंच्या बाणांच्या टोकांना सोनं लावलेलं असे, ही गोष्ट तर इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते.

तर आमच्यातल्या एकाने याचा अर्थ लावला तो असा: सोनं लोखंडाच्या जवळपास अडीचपट जड, म्हणजे गुरूंनी टोक जड करण्यासाठी सोनं वापरलं, म्हणजे आपणही टोक जड करावं. मला हसावं की रडावं कळेना. अरे, सोन्यासारखा मऊ धातू भेदण्यासाठी कोण निवडेल? परंपरेने कारण स्वच्छ सांगितलंय. बाण लागून जो पडेल तो शत्रू असला तरी त्याच्या घरच्यांकडे अंत्यविधीला पैसे नसतील, जखमी असेल तर औषधाला नसतील. त्यांना ते सोनं उपयोगी पडावं. ज्या बाणाची गोष्ट समोरच्या माणसाची काळजी सांगते, तिच्यातून याने काढलं काय, तर घनता! बारावीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवून माणूस असा होतो.

सोन्यावरून आठवलं. माझा काटा बिघडला तेव्हा मी लातूरला गंजगोलाईत एका सराफाकडे टोकं तोलायला घेऊन गेलो होतो. डझनाचं पाकीट, वर 125 ग्रेन छापलेलं. जुना तोळा 180 ग्रेनचा, त्याच्या 96 गुंजा. त्या हिशोबाने एक टोक सदुसष्ट गुंजांच्या आसपास भरायला हवं. सराफकाकांनी गुंजा-बिंजा ऐकून हात जोडले, ते आता 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात. पण त्यांनी बाराही टोकं शांतपणे एकेक करून तोललीत. एकसारखी तीनसुद्धा निघाली नाहीत. सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड टोकात 9 ग्रेनचा फरक. "असं सोनं विकलं तर गिऱ्हाईक दुकान जाळेल," काका म्हणाले. 125 की 250 यावर रात्र रात्र भांडणाऱ्या कुणी आपल्या पाकिटातली टोकं एकमेकांशी जुळतात का, हे तपासलंय? 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्या पातळीवर बाण न् बाण तोलून जुळवलेला असतो. टोक जड का हलकं हे नंतर. आधी सगळी सारखी.

तेव्हा ज्यांनी या आठवड्यात विचारलंय त्यांच्यासाठी. चार बाण घ्या, त्यातल्या एकाची पिसं काढा. पंधरा मीटरवरून पेंढीवर मारा, मागे मातीचा बांध असलेली जागा बघून. उजव्या हाताने ओढत असाल आणि बिनपिसांचा बाण उजवीकडे लागला, तर काडी तुमच्या टोकासाठी लवचीक आहे. टोक हलकं करा किंवा काडी थोडी आखूड. डावीकडे लागला तर उलट. एकदा मारून ठरवू नका, वीस वेळा मारा. मारण्याआधी प्रत्येक काडी कानाजवळ धरून हलकी वाकवा. बारीकसा चर्र आवाज आला तरी ती चुलीत घाला.

माझं उत्तर 125 वर येऊन थांबलंय. माझ्या काडीला, माझ्या ओढीला. ते तुमच्या पाकिटावर लिहून घेऊ नका. रविवारी सकाळी मी विष्णुपुरीच्या बाजूला असतो, काटा दुरुस्त झालाय, काड्या घेऊन या.