ओंबळेंचं स्टेटस ठेवण्याआधी थोडं बोलू

मंडळी, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर एकच चेहरा दिसायला लागतो. तुकाराम ओंबळे. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. आपल्याकडचा माणूस म्हणून आपली छाती फुगते. माझीही फुगते, खोटं कशाला बोलू. दरवर्षी मी स्टेटस ठेवतो, यंदाही ठेवणार. पण त्याआधी थोडं बोलायचंय. पोस्ट लांबणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. तरी एक गोष्ट बघा. ओंबळे त्या रात्री नाकाबंदीवर होते. लष्कराच्या सिग्नल विभागात नोकरी करून निवृत्त झालेले, १९९१ मध्ये मुंबई पोलिसात आलेले, डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक फौजदार. गिरगाव चौपाटीजवळ बॅरिकेड लावून सगळे उभे होते. वायरलेसवर निरोप आला की स्कोडा गाडी येतेय. गाडी आली, बॅरिकेडच्या अलीकडे थांबली, वळायला गेली आणि दुभाजकावर चढली. चालवणारा तिथेच मारला गेला. दुसरा बाहेर आला तो एके-४७ घेऊन. ओंबळेंच्या हातात काठी होती. त्यांनी बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या लागल्या तरी सोडली नाही. त्यामुळे बाकीच्यांना कसाबवर झडप घालता आली. तो जिवंत सापडला म्हणून हा हल्ला कुठून आला, कोणी पाठवला हे जगासमोर सिद्ध करता आलं.

२६ जानेवारी २००९ ला अशोकचक्र मिळालं. चौपाटीवर पुतळा उभा राहिला. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला ‘तुकारामी’ असं नाव दिलं. बऱ्याच जणांना हे माहीत नसेल. मला तर हा सन्मान फार आवडला, कारण त्यात कुणाचा फोटो नाही आणि कुणाच्या शुभेच्छा नाहीत. आणि २०२५ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने केडंब्यात स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. सोळा वर्षं लागली, पण झालं. चांगलंच झालं. मेढ्याकडे जाणारी पोरं तिथे थांबतील, नाव वाचतील.

आता दुसरं नाव सांगतो. विलास शिंदे.

आठवलं का? मी गेल्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर विचारलं. सात-आठ जण होते. एकाला आठवलं, तेही अर्धवट. हा माणूससुद्धा आपल्याच जिल्ह्यातला. वाई तालुक्यातलं शिरगाव. जावळीला लागून असलेला तालुका. मुंबईत वाहतूक पोलीस होते. २३ ऑगस्ट २०१६ ला खारमध्ये पेट्रोल पंपाजवळ त्यांनी एका पोराला अडवलं. पोरगा अल्पवयीन, डोक्यावर हेल्मेट नाही. कागदपत्रं मागितली. पोराने फोन लावून मोठ्या भावाला बोलावलं. भाऊ आला आणि त्याने शिंदेंच्या डोक्यात मागून घाव घातला. आठ दिवस ते रुग्णालयात झुंजले आणि ३१ ऑगस्टला गेले.

ओंबळेही गाडी थांबवायला उभे होते, शिंदेही गाडी थांबवायला उभे होते. एका गाडीत अतिरेकी होता, दुसरीवर शाळा-कॉलेजच्या वयाचा पोरगा. पोलिसाला समोरून येणाऱ्या गाडीत कोण आहे हे हात वर करताना माहीत नसतं. त्याचं काम दोन्हीकडे तेच.

आपण मात्र दोन्हीकडे तेच वागत नाही. अतिरेक्याला अडवणारा आपल्याला देव वाटतो. आपल्याला अडवणारा ‘मामा’ वाटतो, आणि मामाने अडवलं की आपण पहिला हात खिशात घालतो. पैशासाठी नाही हो, फोनसाठी.

इथे मला माझंच सांगायचंय. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचवडच्या अलीकडे नाका लागला होता. बेल्ट लावलेला नव्हता. एका हवालदाराने अडवलं, पन्नाशीचा असेल, उन्हात उभा राहून चेहरा रापलेला. मी काय केलं? गाडीतून न उतरता एका पुढाऱ्याला फोन लावला आणि खिडकीतून फोन त्याच्यासमोर धरला. “घ्या, साहेबांशी बोला.” त्याने फोन घेतला. “हो साहेब. हो. हो साहेब,” एवढंच बोलला आणि फोन परत दिला. मला म्हणाला, “जावा तुम्ही. पण पट्टा लावा तेवढा.” मी गाडी काढली आणि शेजारी बसलेल्या मित्राला टाळी दिली. आपली वट दिसली ना!

त्या वर्षीही नोव्हेंबरात मी ओंबळेंचं स्टेटस ठेवलं होतं.

विलास शिंदेंची हकिकत नंतर नीट वाचली तेव्हा एका ओळीवर अडकलो. पोराने फोन लावून भावाला बोलावलं. फोन त्यानेही लावला, फोन मीही लावला. त्याच्या फोनवर बांबू घेऊन माणूस आला, माझ्या फोनवर पुढारी बोलला. दोन्हीत खूप फरक आहे हे मला कळतं, मी स्वतःला खुनी म्हणवून घेत नाहीये. पण त्या पोराला हे शिकवलं कोणी? अडवलं की नियम काय ते बघायचं नाही, आपला माणूस कोण आहे ते दाखवायचं, हे तो घरात, गल्लीत, आपल्यासारख्यांकडे बघूनच शिकला ना? वर्दीतल्या माणसाला ‘हो साहेब’ म्हणायला लावणं ही आपल्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट आहे. त्या प्रतिष्ठेची शेवटची पायरी म्हणजे त्याच्यावर हात टाकणं. मधल्या पायऱ्यांवर आपण सगळे उभे आहोत.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. “पोलीस काय धुतल्या तांदळाचे आहेत का?” नाहीत. हप्ते घेतात, काही ठिकाणी पावती न फाडता पैसे घेतात, गरिबाची तक्रार लिहून घ्यायला दिवसदिवस बसवून ठेवतात, कोठडीत माणसं मरतात. हे सगळं खरं आहे आणि त्याविरुद्ध लिहायलाच पाहिजे, मी स्वतः याच पेजवर लिहिलंय, त्यासाठी शिव्याही खाल्ल्यात. शहीद पोलिसाचा सन्मान म्हणजे वर्दीला सगळं माफ असं अजिबात नाही. पण एक सांगा, आपण नाक्यावर फोन लावतो तो भ्रष्टाचाराविरुद्ध लावतो का? पावती मागायला लावतो का? आपण फोन लावतो ते पावती फाटू नये म्हणून. पैसे घेणारा पोलीस आणि फोन लावणारे आपण, दोघांनाही पावती नको असते. मग आपण त्याच्यापेक्षा कुठे वेगळे?

सरकारी सन्मानाचंही थोडं बोलू. दर २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ मध्ये लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मारले गेले, तो हा दिवस. जिल्ह्याच्या मुख्यालयात परेड होते, बंदुका उलट्या धरल्या जातात, वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. दिल्लीत २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं, तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर गेलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावं आहेत. ३४ हजार! आपल्याला त्यातली किती येतात? आठ-दहा आली तरी पुष्कळ.

पण जो जिवंत आहे त्याचं काय? मुंबईतल्या बीडीडी चाळींमध्ये पोलिसांची कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहिली. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतून माथाडीत नाहीतर पोलिसात माणूस गेलाय, त्यामुळे त्या खोल्या आपण आतून पाहिल्यात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, संडास बाहेर. पुनर्विकासात या पोलिसांना हक्काचं घर द्यायचं ठरलं तेव्हा २०२२ मध्ये आधी किंमत सांगितली ५० लाख. शिपायाला ५० लाख! ओरड झाल्यावर ती १५ लाखांवर आली. ड्युटीचं तसंच. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. ती कल्पना एका साध्या शिपायाची होती आणि आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली, याचं मला फार कौतुक आहे. पण २०१६ साली! तोपर्यंत बारा-चौदा तास उभं राहणं हे गृहीतच होतं, आणि गणपती-नवरात्रात आजही घड्याळाकडे बघायची सोय नसते.

आणि गेलेल्याच्या घरच्यांचं. २६/११ ला अशोक कामटे गेले. त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांना आपला नवरा नेमका कसा गेला, त्या रात्री कंट्रोल रूमला कोणकोणते निरोप गेले, मदत का पोचली नाही, हे शोधायला माहितीच्या अधिकारात अर्ज करावे लागले. मग त्यांनी ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिलं. अतिरिक्त आयुक्ताच्या पत्नीवर ही वेळ. शिपायाच्या बायकोने कुठे जायचं? अशोकचक्र देणाऱ्या देशाने काय घडलं तेही आपणहून सांगायला हवं होतं. राम प्रधान समितीने शस्त्रं, दारूगोळा, सराव यातल्या उणिवांवर बोट ठेवलंच होतं. ओंबळेंच्या हातातल्या काठीचं आपण कौतुक करतो. त्यांच्या हातात काठीच का होती, हे विचारायचं मात्र राहून जातं.

कायद्याचंही एक बघा. विलास शिंदेंच्या मृत्यूनंतर राज्यात खूप संताप झाला. पोलिसांच्या बायका रस्त्यावर आल्या, मुख्यमंत्र्यांनी मदत आणि घरच्याला नोकरी जाहीर केली. पुढे महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याच्या कलम ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. मग जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिथे ३५३ ची जागा घेणाऱ्या कलम १३२ मध्ये पुन्हा दोन वर्षंच लिहिली आहेत. जखम झाली तर वेगळं, जास्त शिक्षेचं कलम आहे, ते मान्य. पण धक्काबुक्की, कॉलर धरणं, अंगावर जाणं, म्हणजे रोज नाक्यावर जे होतं, ते या १३२ मध्येच येतं. आपल्या आमदार-खासदारांनी स्मारकासाठी पाठपुरावा केला तसा या एका कलमासाठी केला तर बरं होईल. कुणी वाचत असेल तर पुढे पोचवा. आता, शिक्षा वाढवली की हल्ले थांबतात असा माझा भाबडा समज नाही, आणि हे कलम आंदोलन करणाऱ्या शिक्षकावर, शेतकऱ्यावर सुद्धा सर्रास लावलं जातं हेही मला माहीत आहे. त्यावर वेगळं लिहीन.

माढा तालुक्यातल्या सुलतानपूरचं सांगतो. तिथला राहुल शिंदे हा राज्य राखीव पोलीस दलाचा तरुण जवान ताज हॉटेलमध्ये अतिरेक्यांच्या गोळीने गेला. गावाने आपलं नाव बदलून राहुलनगर केलं. म्हणजे आता त्या गावातल्या कुणालाही “कुठले तुम्ही?” असं विचारलं की उत्तरात त्या पोराचं नाव येतं. मला हे १३ कोटींपेक्षा मोठं वाटतं. शिरगावकरांनो, आपल्या विलास शिंदेंसाठी आपण काय करू शकतो ते बोलूया का? एसटीचा थांबा, शाळेचं वाचनालय, काहीही चालेल. ३१ ऑगस्टला तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांत पोरांना निदान एवढं सांगावं, की हा माणूस हेल्मेट नसलेल्या एका पोराला अडवताना गेला, आणि ते पोरगं तुमच्याच वयाचं होतं. मी माझ्याकडून जे जमेल ते करायला तयार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, भेटून ठरवू.

आणि हो, ती पाचवडची गोष्ट अर्धी राहिली. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तिथेच अडवलं. यावेळी पोरगा मागे बसला होता. बेल्ट मी लावला होता, त्याने लावला नव्हता. नवीन पोरगा होता नाक्यावर, पोलिसातला, पंचविशीचा. मी काच खाली केली, लायसन्स दिलं. त्याने मशीनमध्ये नंबर टाकला, चलन निघालं. मी “ठीक आहे साहेब” म्हटलं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, बहुतेक फोनची वाट बघत होता. मग मागे वाकून माझ्या पोराला म्हणाला, “बाळा, पट्टा लाव.”

पुढे गेल्यावर पोरगा म्हणाला, “पप्पा, तुम्ही कुणाला फोन का नाही लावला?”